मशीन कानात आहे, हॉलचं काय?

नाटकात सगळे हसले की मी पण हसतो, फक्त अर्धा सेकंद उशिरा. बायको सवयीनं मान वळवून बघते आणि मला कळलं नाहीये हे तिला कळतं, मग इंटरव्हलमधे वडा खाता खाता ती मला पहिल्या अंकाचा सारांश सांगते, त्यात विनोद पण सांगायचा प्रयत्न करते, आणि सांगून समजावलेला विनोद कसा लागतो ते तुम्हाला माहितीच आहे. माझ्या दोन्ही कानांत मशीन आहे. चांगलं आहे, कानामागचं, डिजिटल, त्याच्या पैशात सेकंडहँड मोटरसायकल आली असती. घरात, दुकानात, समोरासमोर बसलेल्या माणसाशी बोलताना काहीही अडचण येत नाही. पण एखाद्या मोठ्या हॉलमधे अकराव्या रांगेत बसलो की मी पुन्हा जवळजवळ बहिरा, आणि हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, अहो मग मशीन कशाला घेतलंय?

आधी थोडं स्वतःबद्दल सांगतो म्हणजे नीट कळेल. इचलकरंजीत तीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहिले. माझी खोली शेडला लागून, मधे एक लाकडी पार्टिशन, त्यामुळे मागावर उभं राहणाऱ्या कामगाराएवढा नाही तरी त्याच्या निम्मा तरी खडखडाट माझ्या वाट्याला आलाच. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास कानावर पडत राहिला तर कान हळूहळू जातो असं आता सगळीकडे छापलेलं असतं, तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी कापूस घालून आम्ही कामच केलं असतं. आमच्या गावात साठीच्या पुढच्या बैठकीत बसा, सगळे ओरडूनच बोलतात, बाहेरच्याला वाटतं भांडणं चाललीत.

आता मशीनचं. लोक त्याला चष्म्यासारखं समजतात, लावला की दिसलं. तसं नसतं. कानाच्या आतल्या शंखात बारीक केसांसारख्या पेशी असतात त्या एकदा गेल्या की गेल्या, आणि जातात त्या आधी बहुतेक वरच्या पट्टीच्या. म्हणजे स, श, फ, थ, ख ही व्यंजनं आधी जातात, स्वर राहतात. त्यामुळे आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही. सात, हात, लाथ मला सगळं "आऽ" असं येतं आणि पुढचं मी चेहऱ्यावरून, ओठांवरून, विषयावरून भरून काढतो. साठ रुपये का आठ रुपये हा घोळ भाजीवाल्याकडे आठवड्यातून दोनदा. मशीन हे आवाज वाढवतं, वाढवताना माझ्या कानाला ज्या पट्ट्या कमी पडतात त्या जास्त वाढवतं, हे खरंय. पण त्याच्या माईकला जे येईल तेच ते वाढवणार. आणि माईक माझ्या कानाशी आहे, नटाच्या तोंडाशी नाही.

बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो. एक मीटरवर बसलेला माणूस आठ मीटरवर गेला की १८ डेसिबल गेले. आणि शेजारच्या काकूंचं वेफर्सचं पाकीट, पंखा, मागच्या रांगेतल्या पोराचा खोकला, हे सगळं मात्र तेवढंच जवळ राहतं. तुम्ही म्हणाल स्पीकर असतात की हॉलमधे. असतात. पण स्पीकरमधून निघालेला आवाज भिंतीवर आपटून, छतावर आपटून, वेगवेगळ्या वेळी येतो, तुमचा तरुण मेंदू त्यातलं पहिलं पकडतो आणि बाकीचं टाकून देतो, माझ्या कानात ते सगळं एकमेकांवर सांडतं. आवाज मोठा करा म्हणून काही होत नाही, मोठा झाला की सांडणं पण मोठं होतं. ज्या कुणी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "मशीन नीट लावलंयस का" म्हणून झापलं असेल त्यानं हा पॅरा परत वाचावा.

यावर उपाय नाही असं नाही, आणि म्हणूनच मी हे लिहितोय. उपाय जुना आहे. हॉलच्या कडेनं एक तांब्याची वायर फिरवायची, ती एका खास ॲम्प्लिफायरला जोडायची, त्याला साउंड सिस्टिममधून माईकचा आवाज द्यायचा. वायरीतून त्या आवाजाच्या चढउताराप्रमाणे करंट वाहतो, आतल्या सगळ्या जागेत चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि कानातल्या मशीनमधे जर टेलिकॉइल नावाची बारीकशी गुंडाळी असेल तर ती ते क्षेत्र उचलते आणि आवाज थेट कानात. मधे हवा नाही, अंतर नाही, घुमणं नाही. याला हिअरिंग लूप म्हणतात. १९३७ साली ब्रिटनमधे जोसेफ पोलियाकॉफ नावाच्या माणसानं याचं पेटंट घेतलेलं. मी हे माझ्या भाच्याला, जो वायरमन आहे, समजावून सांगायला लागलो तर तो अर्ध्यातच म्हणाला, "मामा, ही तर आपली इंडक्शनची शेगडीच झाली की." तत्त्व खरंच तेच. फक्त इथं पातेलं नाही, कान.

मला हे कळलं ते योगायोगानं. माझी मावसबहीण इंग्लंडमधे असते, तिला पण मशीन आहे, तिनं एकदा पोस्टाच्या काउंटरचा फोटो पाठवला, त्यावर निळी छोटी पाटी, पाटीवर कानाचं चित्र, त्यावरून तिरकी रेघ आणि कोपऱ्यात इंग्रजी टी अक्षर. फोटोखाली तिनं लिहिलेलं, इथं काचेपलीकडचा माणूस माझ्या कानात बोलतो. मला वाटलं कौतुक करतीय तिकडचं, एनआरआय लोक करतातच. पण ते डोक्यात राहिलं आणि पुढच्या वेळी ऑडिओलॉजिस्ट बाईंना विचारलं की टी म्हंजे काय. त्यांनी माझं मशीन कॉम्प्युटरला जोडलं, दोन मिनिटं काहीतरी क्लिक केलं आणि म्हणाल्या, हे बघा, तुमच्यात आहे टेलिकॉइल, आता बटण दोनदा दाबलं की चालू होईल. आठ वर्षं ती गुंडाळी माझ्या कानामागे होती आणि बंद होती. बाईंना दोष देत नाही, त्या म्हणाल्या चालू करून दिली तरी वापरणार कुठे, एकाही हॉलला लूप नाही. आणि हॉलवाल्याला विचारलं तर तो म्हणणार लूप बसवून काय करू, कुणाच्या मशीनमधे टी चालू नाही. हा असा कोंबडी-अंड्याचा कार्यक्रम आहे.

मग आम्ही आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमधे करून बघितलं. हॉल म्हंजे काय, तीस बाय चाळीसची पत्र्याची खोली, एक माईक, दोन खोकडे स्पीकर. भाच्यानं स्कर्टिंगच्या वरून वायर फिरवली, दारावरून कमान करून नेली, ॲम्प्लिफायर ऑनलाइन मागवला. पहिल्या दिवशी मी टी दाबला आणि कानात नुसती घूंऽऽ. माईक बंद तरी घूंऽऽ. शोधत शोधत गेलो तर जुन्या ट्यूबलाइटचा चोक, तो काढून एलईडी पट्टी लावली, निम्मी गुणगुण गेली. अर्थिंग नीट करून घेतल्यावर अजून थोडी गेली. आणि मग संघाचे एक निवृत्त मास्तर माईकवर येऊन हरिपाठाचे अभंग म्हणायला लागले.

मी शेवटच्या रांगेत होतो, मुद्दाम. कसं सांगू, मास्तर माझ्या डोक्याच्या आत उभे राहून बोलत होते. त्यांनी श्वास घेतलेला ऐकू आला. "पुण्याची गणना कोण करी" मधला ण मी किती वर्षांनी ण म्हणून ऐकला. टीवर मशीनचे बाहेरचे माईक बंद होतात, त्यामुळे शेजारचा खोकला, खुर्च्या सरकवणं, सगळं गायब, एकदम शांत खोली आणि त्यात फक्त मास्तर. मधे चपलेचा अंगठा सुटला म्हणून खाली वाकलो तर आवाज पडला, वर बघितलं तर परत आला, कारण गुंडाळी आडवी झाली की क्षेत्र नीट पकडत नाही. म्हंजे लूपमधे झोप काढायची सोय नाही, मान पडली की प्रवचन बंद.

आमच्यातल्या ज्यांच्याकडे मशीन होतं त्या सगळ्यांना हे मिळालं नाही, ते पण सांगितलं पाहिजे. काहींची मशीनं कानाच्या आत बसणारी, दिसत नाहीत अशी, आणि त्या बारीक मशीनमधे गुंडाळीला जागाच नसते. चार्जिंगवाल्या बऱ्याच नवीन मॉडेलमधे पण काढून टाकलीय. दुकानात विकताना दिसत नाही हेच कौतुक म्हणून सांगतात, आणि घेणारा पण तेच मागतो, कारण आपल्याकडे कानात काहीतरी दिसणं ही लाजेची गोष्ट. चष्मा नाकावर मिरवतो, कवळी ग्लासात ठेवून पाहुण्यांसमोर हसतो, पण मशीन केसांखाली लपवायचं. आपल्या विनोदी नाटकांनी यात बराच हातभार लावलाय बरं का, बहिरे आजोबा स्टेजवर आणले की भलतंच ऐकून भलतंच उत्तर देणार आणि टाळी ठरलेली. त्याच नाटकाला तिकीट काढून आलेले खरे बहिरे आजोबा तिसऱ्या रांगेत अर्धा सेकंद उशिरा हसतायत हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

तर मुद्दा असा आहे. आपल्याकडे ऐकू न येण्याचा सगळा विचार मशीनपाशी सुरू होतो आणि मशीनपाशी संपतो. सरकारचा तर नक्कीच. दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना आहे, त्यात मशीन मिळतं. गरीब वृद्धांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री आहे, त्यात मशीन मिळतं. २०२४ पासून आपल्या राज्याची मुख्यमंत्री वयोश्री आहे, ६५ वर्षांवरच्यांना एकदाच ३००० रुपये खात्यात, त्यातून चष्मा घ्या, काठी घ्या, श्रवणयंत्र घ्या. मशीनवर जीएसटी नाही. हे सगळं चांगलंच आहे, यातलं काहीही बंद करा असं मी म्हणणार नाही. पण शिबिर होतं, रांग लागते, डबा हातात येतो, फोटो निघतो, आणि तो माणूस ते मशीन घालून ज्या ग्रामसभेत, ज्या बँकेत, ज्या देवळात कीर्तनाला, ज्या कोर्टात जातो तिथं त्याला काही कळत नाही, मग महिन्याभरात मशीन कपाटात जातं, नारिंगी स्टिकरच्या १३ नंबरच्या बॅटऱ्या तशाच पाकिटात राहतात. आपण म्हणतो लोक मशीन वापरत नाहीत. वापरून उपयोग कुठे होतो ते पण बघा की.

आणि एडिपचं मशीन देताना दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट बघतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऐकण्याचं दिव्यांगत्व दोन्ही कानांना ६० डेसिबलच्या पुढं सुरू होतं, ७० च्या पुढं बहिरा. माझं ५५ च्या आसपास आहे, म्हणजे कागदोपत्री मी ठणठणीत. २०११ च्या जनगणनेत देशात साधारण ५०.७ लाख लोकांचं ऐकण्याचं दिव्यांगत्व नोंदलं गेलं, आणि बहिरेपणा रोखण्याच्या केंद्राच्याच कार्यक्रमाच्या कागदात जागतिक आरोग्य संघटनेच्या हवाल्यानं आकडा ६.३ कोटी. मोजायच्या पद्धती वेगळ्या असणार हे मान्य, तरी एकाला बारा असा फरक आहे, आणि त्या मधल्या फरकात माझ्यासारखे बसलेत, ज्यांना कार्ड नाही, सवलत नाही, आणि अकराव्या रांगेतून काही ऐकू येत नाही. म्हणून मला लूपची कल्पना आवडते. रॅम्पवरून जाताना कुणी सर्टिफिकेट मागत नाही, गुडघे दुखणारी बाई पण जाते, बाबागाडी पण जाते. लूपचं तसंच, बटण दाबलं, ऐकलं, कुणाला सांगायची पण गरज नाही.

कायदा काही अगदीच मुका नाहीये यावर. त्याच २०१६ च्या कायद्याचं कलम ४४ म्हणतं की सुगम्यतेचे नियम पाळले नाहीत तर इमारतीच्या नकाशाला मंजुरी नाही आणि भोगवटा प्रमाणपत्र पण नाही. कलम ४५ म्हणतं जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुधारा. नियम जून २०१७ चे, म्हणजे ती मुदत २०२२ मधेच गेली. केंद्राच्या २०२१ च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांमधे इंडक्शन लूपचा उल्लेख पण आहे. पण ती तत्त्वं म्हणजे सल्ला, पाळला तर पाळला. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं राजीव रतुरी यांच्या केसमधे नेमकं हेच पकडलं, की कायदा सक्ती म्हणतो आणि २०१७ चा नियम १५ नुसत्या शिफारशी करतो हे चालणार नाही, तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा. आता सक्तीच्या नियमांमधे रॅम्प येईल, लिफ्ट येईल, ब्रेल येईल, हे सगळं यायलाच पाहिजे. माझी भीती एवढीच की कान राहून जाईल, कारण न ऐकणारा माणूस दिसत नाही, तो मान डोलावून बसलेला असतो. आपल्याकडे सुगम्य म्हटलं की डोळ्यासमोर चाकाची खुर्चीच येते, पाटीवर पण तीच असते.

अमेरिकेत हे कसं करतात ते बघितलं तर गंमत वाटते, इतकं हिशेबी आहे. त्यांचा कायदा १९९० चा, आणि २०१० च्या मानकांत टेबलच दिलंय, किती खुर्च्यांना किती रिसीव्हर, म्हणजे हॉलचा आवाज थेट कानात देणारी यंत्रं. आठशे खुर्च्यांचा हॉल असेल तर तीसेक रिसीव्हर ठेवावेच लागतात, त्यातले पाव हिस्सा मशीनवाल्यांना चालतील असे. आणि पुढची सवलत बघा, सगळ्या खुर्च्यांना लूप असेल तर तो पाव हिस्सा ठेवायची गरज नाही. का, तर लूप असला की माणूस स्वतःचा रिसीव्हर स्वतःच्या कानात घेऊनच आलेला असतो. काउंटरवर जाऊन आधारकार्ड ठेवून, कुणीतरी आधी घातलेला हेडफोन घ्या, मशीन काढा, खिशात ठेवा, हरवा, यातलं काही नको.

आता यावर माझ्या पुण्याच्या एका मित्राचं, जो आयटीमधे होता, म्हणणं असं की काका तुम्ही १९३७ ची वायर काय घालत बसलाय, ऑराकास्ट आलंय. (काका मला नाही, सगळ्यांनाच म्हणतो, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे.) त्याचं म्हणणं चुकीचं नाही. ऑराकास्ट म्हणजे ब्लूटूथचाच नवा प्रकार, २०२२ मधे हे नाव आलं, हॉलमधे एक ट्रान्समीटर लावायचा आणि त्याच्या टप्प्यातले कितीही लोक ऐकू शकतात, जोडणी वगैरे भानगड नाही. फरशी खोदायची नाही, लोखंडी सळ्यांनी सिग्नल खाल्ला असं होत नाही, शेजारच्या हॉलचा आवाज इकडे गळत नाही, एकाच कार्यक्रमाचं मराठी एका चॅनलवर आणि हिंदी दुसऱ्यावर देता येतं. लूपला हे सगळे त्रास आहेत, मोठ्या हॉलमधे तर साधी एक फेरी मारून भागत नाही, आयईसी ६०११८-४ नावाचं मानक आहे त्याप्रमाणे मोजून, आठच्या आकड्यासारखी वायर टाकावी लागते, ते आमच्या भाच्याचं काम नव्हे. दहा-पंधरा वर्षांनी बहुतेक सगळं ऑराकास्टच असेल, मान्य.

पण आज माझ्या कानात जे आहे त्यात ते चालत नाही, आणि मी पुढची पाच वर्षं नवीन घेणार नाहीये. संघातल्या कुणाच्याच मशीनमधे चालत नाही. शिबिरात मिळणाऱ्या मशीनमधे ब्लूटूथ असेल अशी अपेक्षा तर कुणी करत पण नाही. ७८ वर्षांच्या बाईंना नाटक सुरू व्हायच्या आत, तिसरी घंटा व्हायच्या आत, ॲपमधे जाऊन हॉलचं नाव शोधायला सांगणं आणि एक बटण दोनदा दाबायला सांगणं यात फरक आहे. "नवीन येतंय, थांबा" हे आपल्याकडे काहीही न करण्याचं जुनं कारण आहे. दोन्ही लावा की, साउंड सिस्टिम एकच, तिच्यातून एक वायर लूपच्या ॲम्प्लिफायरला, दुसरी ट्रान्समीटरला. आणि मशीन घेताना, निविदा काढताना, टेलिकॉइल पाहिजेच असं लिहा, ऑराकास्ट मिळत असेल तर अजून उत्तम.

अजून एक सल्ला मिळतो, मोबाइलवर बोललेलं लिहून दाखवणारं ॲप वापरा, मराठी पण येतं त्यात. वापरतो. बँकेत, डॉक्टरकडे फार उपयोगी आहे, मी तर शिफारस करतो. पण नाटकात अंधारात मांडीवर मोबाइल पेटवून त्यात बघत बसलो तर मागचा माणूस चप्पल मारेल, आणि नटाचा चेहरा बघायला आलोय का स्क्रीन. सिनेमाचं वेगळं, तिथं अक्षरं पडद्यावर येऊ शकतात, केंद्राच्या माहिती-प्रसारण खात्यानं मार्च २०२४ मधे त्याबद्दल नियमावली काढली पण आहे. नाटकाला मात्र कानच लागतो.

आणि हे काही परदेशी फॅड नाही. आपल्याकडच्या कर्णबधिर मुलांच्या शाळांमधे वर्गाला लूप टाकून शिकवायची पद्धत जुनी आहे, बांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून ऐकण्याबोलण्याच्याच विषयात काम करतीय. माहिती इथं आहे, माणसं इथं आहेत. ते ज्ञान शाळेच्या फाटकाबाहेर, नाट्यगृहात, पंचायतीत, रेल्वेच्या खिडकीवर आलं नाही एवढंच.

आता माझा खरा हट्ट. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. शाहू महाराजांनी १९१५ मधे बांधलेलं पॅलेस थिएटर ते, आमच्या भागातल्या माणसाला त्या रात्री काय वाटलं ते मी लिहीत बसत नाही, पहाटे लोक नुसते रस्त्यावर उभे होते. ते पुन्हा उभं करायचं काम सरकारनं घेतलं. बरोबरच केलं. आता नुसत्या त्याच नाही, राज्यात जिथं जिथं नाट्यगृह नव्यानं बांधतायत किंवा खुर्च्या, एसी, लाइट बदलतायत तिथं माझं म्हणणं एकच, फरशी बसायच्या आधी वायर टाका. लूपमधे महाग असतं ते तांबं नसतं, फरशी बसल्यावर ती परत उचकटणं महाग असतं. टेंडरमधे दोन ओळी वाढवायच्यात. आणि काम झाल्यावर मशीन घातलेल्या चार माणसांना वेगवेगळ्या रांगांत बसवून तपासा, कॉन्ट्रॅक्टरच्या सहीवर नको, कारण ज्याला चांगलं ऐकू येतं त्याला लूप चालू आहे का बंद हे कळतच नाही, आणि सहा महिन्यांनी कुणीतरी ॲम्प्लिफायरची पिन काढून तिथं चहाची किटली लावणार हे मी तुम्हाला आत्ताच सांगतो. दारावर ती निळी पाटी, आणि मोबाइल बंद ठेवा ही घोषणा करताना पुढं एक वाक्य, श्रवणयंत्र असणाऱ्यांनी टी चालू करावा. बस.

मात्र लूप बसवला तरी त्यात जातं तेच जे माईकमधे बोललं जातं, आणि इथं आपला एक राष्ट्रीय रोग आडवा येतो. प्रत्येक सभेत एक गृहस्थ उठतात, माईक बाजूला सारतात आणि म्हणतात, "मला माईक लागत नाही, माझा आवाज मोठा आहे." टाळ्या पण पडतात. आमच्या संघात लूप झाल्यावर पहिल्याच सभेत आमचे खजिनदार असेच उठले, खणखणीत आवाजात जमाखर्च वाचला, आणि टीवर असलेल्या आम्हा चार-पाच जणांना एक आकडा कळला नाही, आमच्यासाठी खजिनदार नुसते तोंड हलवत होते. मी हात वर करून माईक घ्या म्हणालो तर ते म्हणाले आता काय लहान मुलासारखं माईकमधे वाचू का. पुढच्या वेळी मी माझं मशीन त्यांच्या कानाला लावलं, माईकवर दुसऱ्याला बसवून, बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग हळूच विचारलं की हे कितीला पडतं आणि तपासणी कुठं करतात. त्यांचं वय ७१. आम्हाला कुणालाच माहिती नव्हतं.

आता ते शेवटून दुसऱ्या रांगेत, खिडकीपाशी बसतात, टीवर. माईक मात्र सगळ्यांच्या आधी तेच ओढतात. कानात अजून थोडी गुणगुण आहे, पंखा तीनवर ठेवला की वाढते, भाचा म्हणतो रेग्युलेटरचा दोष आहे, रविवारी येऊन बदलतो म्हणालाय.